स्कूबासाठी अंदमानच हवं का? ऐरोलीच्या एका कुटुंबाचा हिशोब

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ऐरोलीहून तुम्ही चौघं निघणार: तुम्ही, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी आणि धाकटा भाऊ. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पाच-सहा दिवसांची रजा जमतेय. एजंटनं विमानासकट अंदमानचं पाच रात्रींचं पॅकेज माणशी ४६,००० रुपयांना दिलंय आणि त्यात 'स्कूबा फ्री' लिहिलंय. ऑफिसातला मित्र मात्र मालवणला हजार रुपयांत स्कूबा करून आला. मग एवढा फरक कशाचा, आणि पत्नीला पोहता येत नसताना हा खर्च करावा का, असं तुम्ही विचारताय.

मी ठाण्यात राहते आणि चौदा वर्षं डायव्हिंग शिकवते. दर हंगामात माणसांना घेऊन कधी कर्नाटकातलं नेत्राणी बेट, कधी अंदमानातलं हॅवलॉक बेट अशा फेऱ्या होतात. तुमच्यासारखा प्रश्न दर दिवाळीनंतर येतो आणि बहुतेक वेळा 'कुठलं बेट?' असाच येतो. माझ्या मते आधी ठरवायचं ते हे, की चौघांपैकी कोण किती वेळा पाण्याखाली जाणार आहे. ते ठरलं की बेट जवळजवळ आपोआप ठरतं.

आधी ते ४६,००० कुठे जातात ते पाहू. आकडे माझ्या अलीकडच्या फेऱ्यांवरून घेतलेले ठोकळ आहेत, हंगामाप्रमाणे खालीवर होतात. मुंबईहून पोर्ट ब्लेअरला (सरकारी नाव आता श्री विजयपुरम) जाऊन-येऊन विमानाचे वीस-बावीस हजार, तेही बऱ्याचदा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून. राहण्याचे माणशी नऊ-दहा हजार. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-नील-पोर्ट ब्लेअर (नील हेही तिथलंच बेट) अशा तीन फेरी बोटींचे पाच-सहा हजार. गाड्या आणि प्रवेशशुल्क मिळून चारेक हजार. उरलेल्यात एजंटचं कमिशन आणि तुमचा 'फ्री' स्कूबा, ज्याची बाजारातली किंमत साडेतीन ते साडेचार हजार. म्हणजे दर शंभर रुपयांतले दहाही रुपये डायव्हिंगवर खर्च होत नाहीत, बाकी सगळे तिथे पोचण्याचे आणि राहण्याचे. पाण्याखालची वेळ साधारण पंचवीस मिनिटं. चौघांचे मिळून १,८४,००० रुपये.

म्हणून अंदमान वाईट, असं मी अजिबात म्हणत नाही. हॅवलॉकचं (स्वराज द्वीप) पाणी मला आजही पहिल्या दिवसाइतकंच प्रिय आहे. फक्त तिथला हिशोब उलटा चालतो. एकदा पोचलात की दुसरी, तिसरी, चौथी डाइव्ह त्या मानानं स्वस्त पडते. डायव्हिंगचं लायसन्स असलेला माणूस तिथे चार दिवसांत आठ डाइव्ह करतो. डायव्हिंगचे वरचे पंचवीस-सव्वीस हजार धरले तरी सगळा खर्च मिळून त्याला एक डाइव्ह साडेआठ हजारांच्या आसपास पडते. तुम्हाला तीच एक डाइव्ह शेहेचाळीस हजारांना पडतेय. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, नीलचं शांत गाव हे पाहायला जात असाल तर जरूर जा, पैसे सार्थकी लागतील. पण निव्वळ स्कूबासाठी जात असाल आणि आयुष्यात पहिल्यांदाच पाण्याखाली जाणार असाल, तर थोडं थांबा.

त्या पॅकेजचं वेळापत्रक तुम्ही पाठवलंत ते नीट वाचलं. पाचव्या दिवशी सकाळी स्कूबा, दुपारी पोर्ट ब्लेअरला परतायची फेरी बोट, सहाव्या दिवशी पहाटे विमान. इथे दोन गोष्टी आहेत. पहिली विमानाची. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो आणि त्या दाबानं श्वासातला नायट्रोजन रक्तात नि शरीराच्या पेशींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तेवढ्यात विमानात बसलात तर केबिनमधला दाब जमिनीपेक्षा बराच कमी असतो आणि उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकाच साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि रोज किंवा एकाहून जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, अशी जगभर शिफारस आहे. मी माझ्या माणसांना सरसकट २४ तास सांगते, म्हणजे मोजायला सोपं. तुमचं वेळापत्रक माझ्या २४ तासांत नाही, पण एका डाइव्हच्या १२ तासांच्या शिफारशीत बसतं, त्यामुळे त्याबाबत घाबरू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. त्या वेळापत्रकात राखीव दिवसच नाही. पाचव्या दिवशी वारा सुटला, पाणी गढूळ झालं, नाहीतर मुलीला सर्दी झाली, तर स्कूबा गेला. 'फ्री' असल्यानं परतावाही मागता येत नाही. काही वर्षांपूर्वी कोपरीचं एक जोडपं माझ्याकडे आलं होतं. त्यांच्या एजंटनं डाइव्ह सकाळी नऊला आणि विमान त्याच दुपारचं ठेवलं होतं. तिथल्या प्रशिक्षकानं त्यांना पाण्यात न्यायला नकार दिला, आणि बरोबरच केलं. पण लग्नाच्या वाढदिवसाला काढलेली ती सहल, ती बाई सांगताना रडत होती. तेव्हापासून मी कुणाचंही वेळापत्रक आधी शेवटच्या दिवसापासून उलटं वाचते. बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी डाइव्ह ठेवा, म्हणजे बिघडलंच काही तर तिसरा दिवस हाताशी राहतो. एजंटला एवढं सांगितलंत तर तो बहुतेक वेळा बदलून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत.

आता मित्राचं मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास किंवा तारकर्लीला जे हजार-दीड हजारात होतं ते बहुधा पंधरा-वीस फूट खोलीवर, दहा-पंधरा मिनिटं, प्रशिक्षकानं पूर्ण वेळ धरून नेलेलं असतं. त्याला मी कमी लेखत नाही. पाण्याखाली श्वास घेता येतो हे पहिल्यांदा कळण्याचा आनंद तिथेही तेवढाच असतो. ठाण्याहून रात्री कोकणकन्यानं सकाळी कुडाळ आणि तिथून मालवण, एवढा सोपा प्रवास. मात्र पाणी अंदमानसारखं काचेचं नाही, चार-पाच मीटरपलीकडे दिसलं तर दिवस चांगला म्हणायचा. आणि जिथे शनिवार-रविवारी रांगा लागतात तिथे चार प्रश्न विचारल्याशिवाय होडीत बसू नका. हवा पाठीवरच्या सिलिंडरमधून येणार की बोटीवरून नळीनं? एका प्रशिक्षकाकडे किती जण? उतरण्याआधी ब्रीफिंग, म्हणजे नीट समजावून सूचना, आणि आरोग्याचा फॉर्म आहे का? बोटीवर प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का, आणि ते घालायला लावतात का? हा शेवटचा प्रश्न मी फार मनापासून सांगतेय. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला. पाण्याखाली सगळे सांभाळतात, पण या खेळातला बराच धोका बोटीवर असतो.

या दोन्हींच्या मधला पर्याय म्हणजे नेत्राणी, आणि ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला तो फार सोयीचा असूनही बरेच जण तिथे पोचत नाहीत. हे बेट कर्नाटकात मुरुडेश्वरच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण १९ किलोमीटर आत आहे. (मुरुड-जंजिऱ्याचं मुरुड वेगळं. फोनवर दोनदा हा घोळ झालाय, म्हणून लिहिलं.) दुपारी मत्स्यगंधा एक्सप्रेसमध्ये ठाण्याला किंवा पनवेलला बसायचं आणि पहाटे भटकळला उतरायचं. तिथून मुरुडेश्वर पंधराएक किलोमीटर. समुद्राकाठचा तो १२३ फुटी महादेव आणि वीस मजली गोपूर तुम्हाला लांबूनच दिसेल.

खर्च असा धरा: थर्ड एसीनं जाऊन-येऊन साडेतीन हजारांच्या आत, दोन रात्रींच्या खोलीचे माणशी अडीच हजार, जेवणाखाण्याचे दोनेक हजार, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला बोट, साहित्य, प्रशिक्षक मिळून साडेपाच ते सात हजार. म्हणजे तेरा-पंधरा हजारांत माणशी सहल होते, चौघांची साधारण साठ हजारांत. अंदमानच्या एक तृतीयांश. दिवस चांगला असेल तर पंधरा-वीस मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं. कासवं, मोरे ईल, बराकुडाचे थवे आणि नशीब असेल तर काळ्या टोकाच्या परांचा छोटा शार्क.

आणखी एक फायदा आहे, जो पॅकेजवाले कधी सांगत नाहीत. कोकण रेल्वे बोगद्यांतून आणि पुलांवरून किनाऱ्याच्या अंगानं जाते, सह्याद्री चढत नाही. त्यामुळे डाइव्ह करून त्याच रात्री गाडीत बसलात तरी उंचीचा प्रश्न येत नाही. हीच सहल कुणी स्वतःच्या गाडीनं करतो आणि परतताना घाट चढून वर जाऊन पुण्यामार्गे येतो, तेव्हा वाटेतली उंची मोजावी लागते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे. मालवणच्या एका उथळ डाइव्हला त्यानं फारसं बिघडत नाही, पण दोन दिवसांत चार डाइव्ह केलेल्यानं त्याच संध्याकाळी घाट चढू नये. तुम्ही गाडी काढणारच असाल तर किनाऱ्याच्या महामार्गानं या.

नेत्राणीचा त्रासही सांगते. बोटीला तास-दीड तास लागतो आणि समुद्र उघडा आहे. बेटावर उतरायचं नसतं, सगळं बोटीवरूनच. ज्याला गाडी लागते त्याला ही बोट हमखास लागते. आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी उपाशी न राहता इडलीसारखं काहीतरी, आणि डॉक्टरांना विचारून बोट लागू नये म्हणून गोळी निघण्याच्या तासभर आधी. बोटीवर डिझेलच्या वासापासून लांब, मधोमध बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. वारा असेल तर बोट निघत नाही. नौदल त्या बेटाचा सरावासाठी वापर करत आलंय, त्यामुळे क्वचित त्या कारणानंही मनाई होते. म्हणून इथेही एक दिवस राखीव ठेवाच. पाच दिवसांच्या रजेत तो सहज बसतो.

आता पत्नीचं. पोहता न येणं हा ट्राय डाइव्हला (प्रशिक्षकाबरोबरच्या पहिल्या चाचणी डाइव्हला) अडसर नाही, प्रशिक्षक धरून असतो. खरी अडचण असते ती भीतीची आणि कानांची. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यावर ताण येतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा दाबली की कान मोकळा होतो. हे काहींना पहिल्याच प्रयत्नात जमतं, काहींना अजिबात नाही. न जमता जोर लावला तर पडद्याला इजा होते. मी स्वतः शिकत असताना, सगळे खाली गेलेत आणि आपण मागे राहतोय या लाजेनं, बंद कानानं तशीच खाली गेले. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं आणि पुढचे दोन महिने पाणी बंद. तेव्हापासून 'आज कान उघडत नाही' असं सांगून मध्येच वर येणाऱ्या विद्यार्थ्याला मी बोटीवर सगळ्यांसमोर शाबासकी देते.

आणि उघड्या समुद्रात बोटीवरून उतरणं घाबरणाऱ्या माणसाला जड जातं. या एका बाबतीत हॅवलॉक उजवं आहे. तिथे नेमो रीफला किनाऱ्यावरून चालत, कमरेइतक्या पाण्यातून सावकाश आत जाता येतं. त्यामुळे पत्नी फार घाबरत असतील तर माझं नेत्राणीचं गणित त्यांच्यापुरतं बदलतं.

पण हे कळायला समुद्रापर्यंत जायची गरज नाही. ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईत डायव्हिंग शिकवणारे लोक तरणतलावात तासा-दीड तासाचं सत्र घेतात. अडीच-तीन हजारांत तीच साधनं, तोच रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारं साधन), पायाखाली जमीन. चौघांनीही आधी ते करा. दहा हजार जास्त वाटतील, पण माझ्या अनुभवात दर सात-आठ माणसांत एखादा तलावातच ठरवतो की हे आपल्यासाठी नाही, आणि ते ऐरोलीपासून अर्ध्या तासावर कळलेलं बरं. मास्क गळतो का तेही तिथेच समजतं. मिशा असलेल्या पुरुषांचा तो हमखास गळतो. नाकाखालची बारीक पट्टी साफ केली की बराच फरक पडतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मागा.

तलावाच्याही आधी आरोग्याचा फॉर्म प्रामाणिकपणे भरा. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही, आणि गरोदरपणात तर नाहीच. यात तडजोड नको. तेरा वर्षं हे वय चालतं, दहापासून पुढे परवानगी असते. सर्दी मात्र साधी गोष्ट समजू नका. डोंबिवलीचा एक मुलगा एसी डब्यात रात्रभर कुडकुडला, पहाटे नाक चोंदलेलं, आणि दोन्ही डाइव्ह बोटीवर बसून काढल्या. बोटीचे पैसे परत मिळाले नाहीत. गाडीत सोबत शाल ठेवा आणि जायच्या आधी आठवडाभर सर्दीवाल्यांपासून लांब राहा.

भावाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय की त्याला 'पुढेही करायची इच्छा आहे'. मग त्याच्यासाठी सल्ला वेगळा. त्यानं ट्राय डाइव्हवर पैसे घालवू नयेत, थेट ओपन वॉटर कोर्स, म्हणजे डायव्हिंगचं लायसन्स देणारा पहिला कोर्स, करावा. अभ्यास घरी ऑनलाइन, तलावातले धडे इथेच शनिवार-रविवारी, आणि समुद्रातल्या चार डाइव्ह नेत्राणीला दोन दिवसांत. कोर्सची फी साधारण पंचवीस ते बत्तीस हजार. त्याला २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं जमायला हवं, वेळेची अट नसते. इथला भाग पूर्ण झाल्यावर समुद्रातला भाग वर्षभरात कधीही करता येतो, तेव्हा जानेवारीत हवामान बिघडलं तरी त्याचं काही वाया जात नाही. त्या कोर्सचं कार्ड (लायसन्स) हातात आलं की १८ मीटरपर्यंत जगात कुठेही डाइव्ह करता येते, आणि अंदमानचा खर्च त्याला तेव्हा परवडेल.

लक्षद्वीपबद्दलही विचारलंत. पाणी अप्रतिम आहे, पण प्रवेशासाठी परवाना लागतो, कोचीहून अगत्तीचं विमान छोटं, आणि पुढच्या बेटांवर बोटीनं जावं लागतं. पाच दिवसांत त्याची घाई करू नका. गोव्याचं ग्रांदे बेट एखाद्या दिवसासाठी ठीक आहे, पण केवळ डायव्हिंगसाठी तिथवर जात असाल तर मी अजून थोडं पुढे भटकळपर्यंतच जाईन.

पैसे भरण्याआधी जिथे जाल तिथे एवढं लेखी मागा: दरात साहित्याचं भाडं, बोट, कर आणि फोटो आहेत का (फोटोंचे पाचशे ते दीड हजार बऱ्याचदा वेगळे असतात), पाण्याखाली किती मिनिटं, आणि वाऱ्यामुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरी तारीख. नेहमीच्या आरोग्य विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, भावाला तरी डायव्हिंगचा वेगळा विमा घ्यायला सांगा.

मी तुमच्या जागी असते तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चौघांचं तलावाचं सत्र केलं असतं. पत्नींना तिथे मजा आली तर चौघांनी नेत्राणी. त्या तिथे अस्वस्थ झाल्या तर तुम्ही, मुलगी आणि भाऊ पाण्यात, आणि त्या मुरुडेश्वरला किनाऱ्यावर, त्यात काहीच कमीपणा नाही. त्यांचे डायव्हिंगचे सहा-सात हजार वाचतील. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याला मत्स्यगंधा लवकर भरते, म्हणून चार तिकिटं आधी काढून ठेवा आणि बोटीचे पैसे तलावाच्या सत्रानंतर भरा. एक तिकीट रद्द करावं लागलं तरी थोडेच पैसे कापले जातात. एजंटला मात्र तलावाची तारीख होईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. तलावाच्या दिवशी पत्नींचे कान कसे वागले ते कळवा, त्यावरून नेत्राणी की हॅवलॉक ते मी नक्की सांगू शकेन.